बाजार टिकून

आमचे आजोबा शाळामास्तर. व्यापाराशी त्यांचा संबंध वाण्याच्या उधारीच्या वहीपुरता. तरीही रेडिओवर बाजारभाव सुरू झाले की घरात कुणी मोठ्याने बोललेले त्यांना खपत नसे. गूळ नरम, शेंगदाणा टिकून, हळदीला चांगला उठाव, तुरीची आवक बेताची. विकायला त्यांच्याकडे काही नव्हते आणि विकत घ्यायचे ते घरापुरते. पण निवेदकाच्या त्या सपाट आवाजातली एकेक ओळ ते डोळे मिटून ऐकत आणि मधेच म्हणत, ‘‘सांगलीकडे पाऊस लागलेला दिसतो.’’ पावसाबद्दल तर कुणी अवाक्षर काढलेले नसायचे. विचारले की सांगत, ‘‘आवक पडली, भाव मात्र हलला नाही. म्हणजे माल आहे, गाड्या अडल्यात.’’ भावामागे गाडी, गाडीमागे चिखल, चिखलामागे आभाळ. आकड्यावरून उलटे चालत जायच्या त्यांच्या या सवयीचे मला तेव्हा फार नवल वाटे.

ते खूळ माझ्यातही उतरले, पण थोडे बिघडून. मला ताज्या भावांत गोडी नाही. शिळे भाव आवडतात, आणि जितके शिळे तितके बरे. जुन्या ग्रंथालयात गेलो की कादंबऱ्या आणि चरित्रे मागे टाकून, जिकडे सहसा कुणी फिरकत नाही त्या रांगेकडे पाय वळतात. तिथे नगरपालिकेचे, रेल्वेचे, बंदराचे जाडजूड अहवाल उभे असतात. त्यांच्यातच बॉम्बे चेंबर ऑफ कॉमर्सचे वार्षिक अहवाल. कातडी बांधणीला हात लावला की तांबूस भुकटी बोटांवर येते. आत समितीचा वृत्तान्त, सरकारशी आणि रेल्वे कंपन्यांशी झालेला पत्रव्यवहार, आणि मग कोष्टकेच कोष्टके. कुणी मन रमवण्यासाठी वाचेल अशी कल्पनाही लिहिणाऱ्याला शिवलेली नसावी. मला त्यातला हाच मोकळेपणा आवडतो. लिहिणारा आपल्याकडे पाहत नाही. तो त्याच्या कामात आहे आणि आपण त्याच्या खांद्यावरून डोकावतो आहोत.

मुंबईचे हे चेंबर स्थापन झाले २२ सप्टेंबर १८३६ रोजी. कलकत्त्यात अशी संस्था त्याआधी दोन वर्षे, १८३४ साली निघाली होती; मद्रासची मुंबईपाठोपाठ आठवड्याभरात, २९ सप्टेंबरला. तिन्ही बंदरांना एकाच सुमारास हे सुचले याला कारण होते. हिंदुस्थानच्या व्यापारावरचा ईस्ट इंडिया कंपनीचा मक्ता १८१३ सालीच गेला होता. १८३३ च्या सनदेने चीनच्या व्यापारावरचाही गेला, आणि कंपनी व्यापारी म्हणून उरलीच नाही, नुसती सरकार उरली. आता माल ज्याचा त्याचा आणि बुडीतही ज्याचे त्याचे. काल जो आपल्यातला सर्वांत मोठा दुकानदार होता तो आज फक्त जकात घेणार आणि हुकूम सोडणार, म्हटल्यावर उरलेल्या दुकानदारांनी एकत्र बसणे ओघानेच आले.

त्यांना एकत्र बसायला उत्तेजन देणारा गव्हर्नर होता सर रॉबर्ट ग्रँट. ग्रँट रोडला आणि ग्रँट मेडिकल कॉलेजला ज्याचे नाव आहे तोच. हा माणूस ख्रिस्ती भक्तिगीते रचत असे आणि त्यातली काही आजही चर्चमधून म्हटली जातात. १८३८ साली पुण्याजवळ दापोडीला तो वारला. देवाची स्तुती लिहिणाऱ्या हाताने रुई, जकात आणि जहाजभाडे यांच्या मंडळाला आशीर्वाद द्यावा, हे मला मुंबईला शोभेलसे वाटते. चेंबरचा पहिला अध्यक्ष जॉन स्किनर. सभासदांत युरोपीय पेढ्या होत्या, तसे पारशी व्यापारीही पहिल्यापासून होते. मुंबईत व्यापार करायचा आणि पारशी शेटजींना बाहेर बसवायचे, हे तेव्हा कुणाला परवडणारेच नव्हते.

स्थापनेच्या वेळी जे उद्देश ठरवले गेले ते वाचण्यासारखे आहेत. व्यापाऱ्यांत आपसात सलोखा असावा. सर्वांच्या हिताची माहिती गोळा करून तिची नीट वर्गवारी करावी. गाऱ्हाणी सरकारकानी घालावीत. इथवर ठीक. पण पुढे आणखी एक कलम आहे. रीतिरिवाजाबद्दल तंटे आले तर त्यांचा निवाडा करावा, तो निवाडा पुढच्यांच्या उपयोगासाठी लिहून ठेवावा आणि असे करता करता हळूहळू व्यापाराची एक संहिता तयार व्हावी. हे ‘हळूहळू’ मला फार भावते. कायदा एका दिवसात मंजूर होतो. रिवाजाला मात्र भांडणे लागतात, आणि एकेक भांडण मिटवून ते लिहून ठेवणारा कुणीतरी लागतो. भिजलेल्या मालाचे नुकसान कुणाचे? नमुन्याबरहुकूम माल नसेल तर किती सूट? असल्या चिल्लर प्रश्नांच्या उत्तरांतून बाजार उभा राहतो.

तसे पाहिले तर आपल्याकडे हे नवे नव्हते. पेशवाईतल्या पेठांना शेटे आणि महाजन असत. पेठ वसवणे, व्यापारी आणून बसवणे, वजनमापावर नजर ठेवणे ही त्यांची कामे, आणि त्याबद्दल त्यांना हक्क व मानपान. वतनाचा तंटा झाला तर गोत बसे, साक्षी होत आणि महजर लिहिला जाई. त्या महजरांवर ज्यांना सही करता येत नसे त्यांच्या निशाण्या असतात. कुणब्याचा नांगर, वाण्याचा तराजू. कागदाच्या तळाशी एका ओळीत सगळा गाव आपापले अवजार घेऊन उभा राहिलेला दिसतो. सुरत-अहमदाबादकडे तर महाजनांची आणि नगरशेटांची परंपरा बळकट होती. फरक पडला तो छापखान्याने. महाजनांचा निवाडा पेठेच्या स्मरणात राही, नाहीतर एखाद्या घराण्याच्या रुमालात बांधलेला पडे. चेंबरचा निवाडा छापून निघे आणि लंडन-लिव्हरपूलपर्यंत जाई. स्मरणावर चालणारा बाजार कागदावर चालू लागला तो हा काळ. मुंबईतल्या बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ १८३२ चे, आणि जे पुढे ‘टाइम्स ऑफ इंडिया’ झाले ते ‘बॉम्बे टाइम्स अँड जर्नल ऑफ कॉमर्स’ १८३८ चे. एका पत्राच्या तर नावातच व्यापार होता.

चेंबरच्या खात्यांपैकी माझे आवडते मोजणीचे. जहाजाचे भाडे माल किती जागा अडवतो यावर ठरते, आणि कापसासारखा फुगीर माल असला की दर इंचाला भांडण. म्हणून चेंबरने आपले मोजणीदार नेमले. ते गोदीत जाऊन निर्यातीच्या गासड्यांची लांबी-रुंदी-उंची घेत आणि दाखला देत. तो दाखला माल पाठवणाऱ्यानेही मानायचा आणि जहाजवाल्यानेही. मुंबईची कापसाची खंडी ७८४ पौंडांची आणि गासडी अर्ध्या खंडीची, म्हणजे ३९२ पौंडांची. भडोच, धोलेरा, हिंगणघाट, धारवाड, खानदेश अशी गावांची आणि मुलखांची नावे गासड्यांवर जातीसारखी लागत. अमरावतीकडचा माल बाजारात ‘उमरा’ म्हणून ओळखला जाई. मला पट्टी घेऊन वाकलेला तो मोजणीदार दिसतो. भोवती रुईची पिसे उडताहेत, नाकावर उपरणे आहे, आणि दोन्हीकडचे लोक त्याच्या पट्टीकडे टक लावून आहेत. इतक्या प्रचंड व्यापाराचा विश्वास शेवटी एका माणसाच्या वाकलेल्या पाठीवर आणि त्याच्या सरळ आकड्यावर टेकलेला होता.

पूर्वी कापसाचे हे ढीग कोटात, टाउन हॉलसमोरच्या मोकळ्या मैदानात पडत. १८४४ साली तो बाजार कुलाब्याला हलला आणि पुढे शिवडीला गेला. हार्बर लाइनवरचे कॉटन ग्रीन स्टेशन त्याची आठवण. रोज तिथे उतरणाऱ्या कितीजणांच्या डोळ्यांपुढे कापूस येत असेल कोण जाणे. नाव राहते आणि माल निघून जातो, हे मुंबईचे जुनेच आहे.

अहवालांतली पत्रे वाचताना एक गोष्ट लक्षात येते. व्यापारी समाधानी असतो तेव्हा लिहीत नाही. जे सुरळीत चालले होते त्याचा तिथे मागमूस नाही. रस्ता चांगला असेल तर तो पत्रात येत नाही, खचला की येतो. टपाल वेळेवर आले तर कुणी बोलत नाही, चुकले की चार पाने. त्यामुळे चेंबरच्या दप्तरातली मुंबई सदा कुरकुरणारी आहे, आणि म्हणूनच जिवंत आहे. त्या काळचे स्तुतिपर लेखन वाचले तर शहर सोन्याचे होते असे वाटते. ही गाऱ्हाणी वाचली की शहर कशाने चालत होते आणि कुठे अडत होते ते कळते. आजोबांची उलटी वाट इथे उपयोगी पडते: गाऱ्हाण्यावरून गरजेकडे जायचे.

टपालाचेच घ्या. आफ्रिकेला वळसा घालून विलायतेचे पत्र यायला चार-सहा महिने लागत. लिव्हरपूलला कापूस चढला ही बातमी मुंबईला पोचेपर्यंत तो उतरलेलाही असे. मुंबईच्या गोदीत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट १८३० साली तांबड्या समुद्रातून सुएझला जाऊन आली, तेव्हापासून व्यापाऱ्यांना त्या जवळच्या वाटेची आस लागली. पुढे १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे रेल्वे धावली, १८६३ साली बोरघाट ओलांडून गाडी वर गेली, १८६९ साली सुएझचा कालवा खुला झाला आणि १८७० साली समुद्राच्या तळातून तार मुंबईपर्यंत आली. ज्या बातमीला महिने लागत ती आता तासांत येऊ लागली. व्यापाऱ्याच्या पत्रलेखनाची तब्येतच त्याने बदलली. जुन्या पत्रांत नमनालाच घडाभर तेल असे. घरच्यांची खुशाली, हवापाणी, बोटीवर भेटलेल्या माणसांची चौकशी. तारेला शब्दागणिक पैसे पडत. खुशाली गेली, भाव राहिला. मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयात सर जमशेटजी जीजीभाईंच्या पेढीची पत्रपुस्तके जपलेली आहेत, ती तारेआधीच्या काळातली. तेव्हा एका पत्रात माणूस आणि माल दोघे मावत.

पण या दप्तराचे कौतुक करताना मधेच जीभ अडखळते. १८३९ साली चीनच्या सरकारी अंमलदाराने, लिन त्सेश्यू याने, कँटनमधल्या परदेशी व्यापाऱ्यांकडून वीस हजारांहून अधिक पेट्या अफू ताब्यात घेतली आणि नष्ट केली. त्यात माळव्याची पुष्कळ होती आणि माळव्याची अफू जाई ती मुंबईहून. मुंबईच्या पेढ्यांना धडकी भरली. चेंबरने नुकसानभरपाईसाठी आणि व्यापाराच्या रक्षणासाठी लंडनला आर्जवे केली. त्या लेखनात अफू हा एक माल आहे. पेट्या, भाव, हुंड्यांची मुदत, अडकलेली रक्कम. ती ओढणारा माणूस नाही आणि तिच्यापायी घरदार विकणारे कुटुंबही नाही. माळव्यातला खसखशीचा शेतकरीसुद्धा नाही. लिहिणाऱ्यांनी मुद्दाम काही लपवले असे नाही. त्यांच्या कोष्टकात तो रकानाच नव्हता. मुंबईतल्या कितीतरी दानशूरांच्या धर्मशाळा, इस्पितळे आणि शाळा या पैशावर उभ्या राहिल्या, आणि त्यांचा लाभ आपल्या आज्या-पणज्यांनी घेतला. तेव्हा मी कुणाकडे बोट दाखवावे? व्यापाराचे दप्तर खोटे सहसा बोलत नाही, पण जे विचारले नाही ते सांगतही नाही, एवढे ध्यानात ठेवतो आणि पान उलटतो.

मग येतो कापसाचा तेजीचा काळ. १८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस थांबला आणि लँकेशायरच्या गिरण्यांनी मुंबईकडे तोंड वळवले. लोकांनी गाद्या-उशा उसवून कापूस विकला असे सांगतात. पैसा आला तशी लबाडीही आली. रुईत सरकी, माती, वजन वाढावे म्हणून पाणी. लँकेशायरात तर म्हणे देवाला साकडे घालत, की कापूस पाठव पण सुरतेचा, म्हणजे हिंदुस्थानचा, नको. अशा भेसळीविरुद्ध मुंबई सरकारने १८६३ साली कायदा केला. गोविंद नारायण माडगावकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ प्रसिद्ध झाले तेही याच साली. एकीकडे एक मराठी माणूस गल्लीबोळांतून हिंडत शहर डोळ्यांत भरून घेत होता आणि दुसरीकडे इंग्रजी कोष्टकांत तेच शहर खंडीच्या भावाने चढत होते. १८६५ च्या वसंतात अमेरिकेतली लढाई संपली. वायदे फिटायची तारीख १ जुलै. त्या दिवशी मुंबईचे दिवाळे वाजले. समुद्र हटवून जमीन करायला निघालेल्या कंपन्या कागदावरच बुडाल्या, बँक ऑफ बॉम्बे पुढे गुंडाळावी लागली. तेजीचा राजा प्रेमचंद रायचंद यानेच दिलेल्या देणगीतून विद्यापीठाच्या मनोऱ्याला त्याच्या आईचे, राजाबाईचे नाव मिळाले. बुडालेल्या तेजीतून हाती राहिले ते एक घड्याळ.

कोष्टकांत आणखी एका माणसाला जागा नाही, आणि त्याची उणीव मला अफूइतकीच टोचते. गासडी मोजणारा दिसतो, गासडी उचलणारा दिसत नाही. तो आला तर दराच्या रूपाने येतो: चढाई-उतराईचे गासडीमागे इतके. चेंबरच्या इंग्रजी दप्तरात मराठी नावे विरळ. मराठी माणूस गोदीत होता, गिरणीत होता, पेढीच्या कारकुनीत मान मोडून बसलेला होता. त्याचा आवाज ऐकायचा तर दुसऱ्या कागदांकडे जावे लागते. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली परळला गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि पाच हजारांहून अधिक कामगारांच्या सह्यांचा अर्ज फॅक्टरी कमिशनपुढे ठेवला. आठवड्यातून एक सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची उसंत, वेळेवर पगार. अर्ज तोही आणि अर्ज चेंबरचेही. भाषा दोघांची अदबीचीच. फरक इतकाच, की चेंबर बोट एक दिवस उशिरा आली म्हणून लिहीत होते आणि लोखंडे सातवा दिवस मागत होते. गिरणीमालकांनी तो दिला १८९० च्या जूनमध्ये. आपला रविवार त्या अर्जातून आलेला आहे. अंगावर ओझे वाहणाऱ्यांसाठी माथाडी कायदा व्हायला मात्र १९६९ साल उजाडले. गासडीच्या मोजमापाचा दाखला केव्हाच मिळू लागला होता, उचलणाऱ्याच्या हजेरीचा दाखला फार मागून आला.

शहर वाढले तशी चेंबरेही वाढली. स्वदेशीच्या वाऱ्यात १९०७ साली इंडियन मर्चंट्स चेंबर निघाले, मनमोहनदास रामजी त्याचे पहिले अध्यक्ष. पुण्यात १९३४ साली मराठा चेंबर उभे राहिले. त्यामागे आ. रा. भट यांची चिकाटी होती, आणि त्या संस्थेचे ‘संपदा’ मासिक मराठीतून निघू लागले. कारखानदारी, कर्ज, कच्चा माल असले विषय मराठी वाक्यांत बसवायची त्याने सवय लावली. याच्याही खाली एक दप्तर होते. भुलेश्वर-मांडवीच्या पेढ्यांवर गुजराती चोपडे चालत आणि घाटावरच्या पेठांत मोडीतल्या रोजकीर्दी नि खतावण्या. तेच सौदे, त्याच हुंड्या, पण पहिल्या पानावर श्री आणि शुभ-लाभ. बॉम्बे चेंबरला शंभर वर्षे झाली तेव्हा सलिव्हन नावाच्या लेखकाने १९३७ साली त्याचा इतिहास लिहिला. त्याला नाव दिले ‘मुंबईची शंभर वर्षे’ अशा अर्थाचे. आपला इतिहास तोच शहराचा इतिहास, असे चेंबरला खुशाल वाटले! ती ऐट वाचून हसू येते. पण गंमत अशी, की मांडवीच्या शेटजींना किंवा परळच्या कामगारांना तसेच वाटले असते तर तेही चुकले नसते. त्यांच्या बाजूचे कागद फक्त थोडे उरले.

बॅलार्ड इस्टेटमध्ये, ज्या भागात या चेंबरने कार्यालय थाटले, तिथली जमीनही व्यापारानेच घडवलेली. अलेक्झांड्रा गोदी खणताना निघालेली माती समुद्रात टाकून ती केली. जॉर्ज विटेटच्या त्या दगडी इमारतींच्या सावलीतून चालताना मला पलीकडच्या व्हिक्टोरिया गोदीतले १४ एप्रिल १९४४ आठवते. ‘फोर्ट स्टिकिन’ या बोटीवर काय काय होते त्याची यादी आज कुणीही वाचू शकतो. सुमारे १४०० टन स्फोटके, आठ हजारांहून जास्त कापसाच्या गासड्या, सोन्याच्या विटा, शिवाय लाकूड आणि भंगार. मालाच्या यादीत या गोष्टी एकाखाली एक, एकाच शाईत. कापूस आणि दारूगोळा एका पोटात, हे वाचणाऱ्याच्या अंगावर काटा येतो, लिहिणाऱ्या कारकुनाच्या आला नसेल. त्याचे काम रकाना भरण्याचे. दुपारी चारच्या सुमाराला ती बोट फुटली. शेकडो माणसे गेली, अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. गोदीतला गाळ उपसताना सोन्याच्या विटा पुढे कित्येक वर्षे सापडत होत्या. ज्या वस्तूची नोंद असते ती शोधली जाते. त्या दिवशी गोदीत रोजंदारीवर आलेल्या सगळ्यांची नोंद कुठे होती?

तेव्हा दप्तराची थोरवी आणि दप्तराचा कोतेपणा एकाच गोष्टीत आहे. ते रकान्याबाहेर जात नाही. म्हणून एका दप्तराने भागत नाही. चेंबरच्या अहवालाशेजारी गिरणी कामगारांचा अर्ज लागतो, इंग्रजी कोष्टकाशेजारी मोडी खतावणी लागते, गोदीच्या मापाशेजारी हमालाच्या टोळीची हजेरीवही लागते. इंग्रजी दप्तराची बडदास्त ठेवली गेली. एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात सरकारी कागद आहेत, चेंबरचे अहवाल छापील असल्यामुळे चार ठिकाणी चार प्रती उरल्या. बाकीच्यांची कथा वेगळी. शाहू महाराजांनी १८९५ साली वसवलेल्या कोल्हापुरातल्या शाहूपुरीत गुळाचे किती सौदे झाले असतील, सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांत किती हळद ठेवली-काढली गेली असेल! पेवांत २००५ च्या पुराचे पाणी शिरले. त्या पाण्याने हळद नासली हे सगळ्यांना ठाऊक आहे, वह्यांची विचारपूस कुणी केली?

आणि आजचे? आजचा भाव फोनवर येतो, अंगठ्याने वर सरकतो आणि दुसऱ्या दिवशी पुसला जातो. अडत्याचा मुलगा संगणकावर बिल करतो आणि जुन्या वह्या माळ्यावर टाकतो. घर बांधायला काढले की माळा पहिला रिकामा होतो. यात त्याचे काय चुकले? त्या वहीत काही आहे असे त्याला कुणी सांगितलेलेच नाही. कुणाकडून किती पोती आली, कुठल्या साली दुष्काळाने आवक आटली, कुणाची उधारी माफ केली, कुठल्या गावाने कोणते पीक सोडून कोणते धरले, हे सगळे त्या लाल पुठ्ठ्यात आहे, आणि दुसरीकडे कुठेही नाही. त्या गावाचे गॅझेटियर लिहिणारा साहेब तिथे आला असेल-नसेल, वाण्याची वही मात्र रोज लिहिली गेली.

म्हणून एवढेच सांगणे. तुमच्या पेठेतले जुने दुकान, अडत, जिनिंगचा कारखाना, व्यापारी मंडळाची खोली किंवा हमालांच्या टोळीचे कार्यालय आवरायला निघाले, तर त्या दिवशी तिथे जा. वह्या आधी उन्हात नको, सावलीत पसरा. मोडी वाचणारे कुणी जवळपास असेल तर त्याला चार पाने दाखवा. जिल्ह्याच्या ग्रंथालयाला, जवळच्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागाला, राज्याच्या पुराभिलेख संचालनालयाला एक पत्र टाका, आणि उत्तर येईपर्यंत गठ्ठे कोरड्या जागी ठेवा. रद्दीवाल्याला नंतरही बोलावता येते. रद्दीचा भाव काही पळून जात नाही.